शब्दचर्चा : 'विमानाचं पेट्रोल' म्हणजे नेमकं काय?

'गाडीत विमानाचं पेट्रोल घातलं तर जोरात पळेल का?' असं भाच्यानं विचारलं आणि मी शब्दापाशीच अडकलो. एकीकडे वाचलं, विमानात रॉकेल असतं. दुसरीकडे, उच्च ऑक्टेनचं पेट्रोल. खरं कोणतं?

▪ दोन्ही. घोळ 'विमान' या शब्दात आहे. जेट विमानात जातं ते केरोसीन, म्हणजे रॉकेलच, फक्त जास्त कडक कसोट्यांवर उतरलेलं. त्याच्या नेहमीच्या प्रकाराचा, जेट ए-१ चा, गोठणबिंदू उणे ४७ अंश किंवा त्याहून खाली असावा लागतो. पेट्रोलच्या गाडीत ते निरुपयोगी. डिझेल इंजिनात जळतं, पण वंगण कमी असल्यानं पंप झिजतो.

पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानात जातं ते एव्हगॅस. यातला 'गॅस' वायू नव्हे, अमेरिकी 'गॅसोलीन'चं (म्हणजे पेट्रोलचं) शेपूट तोडलेलं रूप! नेहमीचा प्रकार १०० एलएल, निळ्या रंगाचा. 'एलएल' म्हणजे लो लेड, कमी शिसं. 'कमी' कशाच्या मानानं? त्याआधीच्या एव्हगॅसच्या. लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं यातही चालतं. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीला त्याचं काही वाटणार नाही. आजच्या गाडीचा, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर मात्र त्यानं बाद होतात.

▪ 'ऑक्टेन'बद्दल थोडं. 'ऑक्टो' हा आपल्या 'अष्ट'चा भाऊबंद. रेणूत आठ कार्बन. दाबाखाली तग धरणाऱ्या आयसो-ऑक्टेनला १०० आणि चटकन पेटणाऱ्या एन-हेप्टेनला ० धरून मोजपट्टी केली. हा आकडा ताकदीचा नव्हे, सोशिकपणाचा: दाबाखाली इंधन आपणहून न पेटता ठिणगीची वाट किती पाहतं. नाही पाहिली तर इंजिन ठोके देतं. साध्या गाडीचं इंजिन मुळात तेवढा दाब देतच नाही, मग १०० ऑक्टेनचं घालून वेग कुठून वाढणार? आणि लोक 'हाय ऑक्टेन भाषण' म्हणतात ते भडक भाषणाला. गंमतच आहे.

▪ 'एटीएफ'ही जपून वापरा. विमानतळावर ते एव्हिएशन टर्बाइन फ्युएल, गॅरेजमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल.

▪ मग एकाला 'विमान-पेट्रोल' आणि दुसऱ्याला 'विमान-रॉकेल' म्हणूया का?

▪ अर्थानं चोख आहे. पण 'विमान-रॉकेल' ऐकून तिकीट कोण काढेल?