बॉस्टनच्या युनियन ऑयस्टर हाऊसला आईबाबांना न्यावं का? (बाबा देवगडचे, आई माळकरी)

खारेदाणे
मंडळी सल्ला हवाय. आईबाबा जुलैत येतायत, न्यू जर्सीला माझ्याकडे, आणि तीन दिवस बॉस्टनला जायचं ठरलंय. बाबांनी कुठल्यातरी व्हिडिओत बघितलं की तिथे 1826 पासून चालू असलेलं कालवांचं हॉटेल आहे, झालं, तेव्हापासून फोन केला की पहिला प्रश्न तोच, बुकिंग केलंस का. देवगडचा माणूस, कालवं म्हटलं की संपलंच. आईच्या गळ्यात माळ आहे, मासे मटण सोडा अंडंसुद्धा चालत नाही.

भीती वाटायचं कारण म्हणजे मागच्या ट्रिपला असंच एका शहरात (नाव नको) जुनी बँक रिनोव्हेट करून केलेल्या स्टेकहाऊसला नेलेलं. छत दोन मजले उंच, तिजोरीच्या खोलीत वाईनच्या बाटल्या, सगळं देखणं, पण अंधार एवढा की बाबांनी मेन्यू मोबाईलच्या टॉर्चवर वाचला आणि आईच्या वाट्याला आला एक भाजलेला बटाटा. बिल बघून बाबा दोन दिवस त्याचे रुपये करत होते. तर इथे खरंच जाण्यासारखं आहे, का नुसतं फोटोपुरतं?

चार्ल्सकाठची
जा की बिनधास्त, पण जेवायला म्हणून जाऊ नका, दुपारी तीन साडेतीनला जा आणि खालच्या अर्धगोल बारवरच बसा. वरच्या मजल्यावर 18 नंबरचा बूथ केनेडींचा, ते म्हणे रविवारी तिथे पेपर वाचत बसायचे, तो बघायला लोक जिने चढतात, पण खरी मजा खालीच आहे. समोर माणूस उभा राहून कालवं उघडत असतो, तुमच्या बाबांना दुसरं काही नको. डॅनिएल वेब्स्टर नावाचा मोठा पुढारी होता, तो याच बारवर रोज यायचा आणि ब्रँडी-पाण्याबरोबर ताटलीमागून ताटली कालवं संपवायचा असं सांगतात, सहा ताटल्यांच्या खाली उठायचा नाही म्हणे, आता मोजायला कोण होतं देव जाणे.

इमारत हॉटेलपेक्षाही जुनी आहे. आधी तिथे कापडाचं दुकान होतं, 1771 मध्ये वरच्या मजल्यावर आयझाया थॉमस ब्रिटिशांच्या विरोधातला पेपर छापायचा, आणि फ्रान्समधून पळून आलेला लुई फिलिप तिथेच राहून फ्रेंचच्या शिकवण्या घ्यायचा. हाच पुढे 1830 ला फ्रान्सचा राजा झाला!! शिकवण्या घेणाऱ्या माझ्या नवऱ्याला मी हे दर महिन्याला ऐकवते.

आईंसाठी कॉर्नब्रेड मागवा, गरम असताना छान लागतो.

मुठाकाठ
ताई थांबा, कॉर्नब्रेडमध्ये बहुतेक ठिकाणी अंडं असतं, माळकरी बाईंना विचारल्याशिवाय देऊ नका. आणि बॉस्टनच्या खाण्यात डुक्कर कुठे लपलेलं असेल सांगता येत नाही. बेक्ड बीन्स म्हणजे आपल्याला वाटतं राजमा, पण पारंपरिक पद्धतीत त्यात खारवलेलं डुकराचं मांस घालूनच तासन्‌तास शिजवतात. क्लॅम चाउडर म्हणजे तिसऱ्यांचं दुधातलं सूप, त्यातसुद्धा तेच. तुमच्या बाबांना तिसऱ्या ओळखू येतील पण वर दूध बघून काय बोलतील ते ऐकायला मला आवडेल :)

इंडियन पुडिंग नावाला भुलू नका हं, मी पहिल्यांदा खीरबीर समजून मागवलेलं. इंडियन म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा मका. मक्याचं पीठ दुधात शिजवून त्यात मोलॅसिस, म्हणजे साधारण आपली काकवी, घालून मंद आचेवर भाजतात. दिसायला चिखल, पण लापशी आवडणाऱ्याला आवडेल. यातही काही जण अंडं घालतात, तेव्हा विचारा.

माझा सल्ला, आईंचं जेवण आधी बाहेर उरकून घ्या. वेटरला उगाच दहा प्रश्न विचारून त्या माऊलीला सगळ्यांसमोर अवघडल्यासारखं होतं, माझ्या आईचं व्हायचं.

कागदी_वाघ
एवढं कौतुक कशाला, जुनी वीट दिसली की आपण लगेच हरखतो. न्यूयॉर्कचं फ्रॉन्सिस टॅव्हर्न बघा, पर्ल स्ट्रीटवर, वॉशिंग्टनने 4 डिसेंबर 1783 ला आपल्या अधिकाऱ्यांचा निरोप घेतला ते ठिकाण. मधे आगी लागल्या, मजले चढले, मूळ रूप कसं होतं ते कोणालाच नीट ठाऊक नव्हतं, आणि 1907 च्या जीर्णोद्धारात बरंचसं अंदाजाने उभं केलं. म्हणजे आज आपण बघतो ते अठरावं शतक विसाव्या शतकाच्या डोक्यातलं. बिअर चांगली मिळते तो भाग वेगळा.

चार्ल्सकाठची
म्हणून तर युनियनला जा म्हणते ना, तिथे नंतर मुद्दाम जुनं करावं लागलं नाही, धंदा बंदच पडला नाही.

डॉ_उंबरठा
मी हॉस्पिटलवाला, त्यामुळे थोडं विरजण घालतो. जुलैत समुद्राचं पाणी कोमट होतं तेव्हा विब्रिओ नावाचे जिवाणू वाढतात आणि कच्च्या कालवातून पोटात जातात. धडधाकट माणसाला जुलाब होऊन जातील, पण वय झालेलं, डायबेटीस किंवा लिव्हरचा त्रास असेल तर प्रकरण गंभीर होऊ शकतं. लिंबू पिळलं, तिखट सॉस घातला म्हणजे जिवाणू मरतो हा गैरसमज आहे, दारूनेही मरत नाही. बाबांना शुगर असेल तर शिजवलेली घ्या, स्ट्यू नाहीतर तळलेली. देवगडचा माणूस तसाही कच्ची कुठे खातो.

खारेदाणे
सगळ्यांना थँक्यू, शुगर आहेच त्यामुळे कच्ची कॅन्सल. बाबांना सांगितलं तर म्हणाले कच्ची कोण खाणार होता, बघायची होती.

खारेदाणे (तीन आठवड्यांनंतर)
जाऊन आलो, अपडेट देतो. शनिवार होता, हेमार्केटला गाड्यांवर भाजीबाजार भरलेला, आईने अर्धा तास तिथेच काढला, पीच घासाघीस करून घेतले (भाषा येत नाही तरी बोटांवर सौदा झाला, मी फक्त पैसे दिले). मग ग्रीनवेच्या बाकावर बसून तिने पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, हॉटेलात फक्त लिंबू घातलेलं आइस टी घेतलं, एकदम खूश.

बाबा बारवर. कालवं उघडणाऱ्याचे हात बघत वीस मिनिटं गप्प. त्याची सुरी आखूड आणि बोथट, टोक शिंपल्याच्या सांध्यात घालून मनगट फिरवलं की उघडलं, बाबा म्हणाले आमच्या बायका ओहोटीला खडकावर कोयतीने फोडून काढायच्या, त्यात अर्धी करंगळीएवढी निघायची, आणि इथे एकेक कालव तळहाताएवढं. मग मला म्हणाले विचार त्याला, शिंपल्यांचं काय करतात, आमच्याकडे भाजून चुना करायचे. मी विचारलं. तो माणूस हसला, म्हणाला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं, आणि एक रिकामा शिंपला धुऊन बाबांच्या हातात दिला.

तळलेल्या कालवांबद्दल अभिप्राय, तिखट कमी. आईने पर्समधून चटणीची डबी सरकवली. 18 नंबरचा बूथ बघायचा राहिला, वर एक कुटुंब बसलेलं आणि त्यांचं बाळ तिथेच झोपलेलं, बाबा जिन्यातूनच मागे फिरले. टिपचं गणित या वेळी मी त्यांना दाखवलंच नाही.

मुठाकाठ
शिंपला विमानात नेला का?

खारेदाणे
शर्टाच्या खिशात. सिक्युरिटीला बाहेर काढायला लावला, तिथेही चुन्याची गोष्ट सांगायला निघाले होते.