शिकण्यासाठी लिहिलेल्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत डीपक्लोन कुठवर न्यावे?

प्रश्न:
नमस्कार. जावास्क्रिप्ट आतून समजावी म्हणून मी बाहेरचे एकही पॅकेज न घेता एक छोटी युटिलिटी लायब्ररी लिहीत आहे. चंक, ग्रुपबाय, डिबाउन्स, मर्ज अशी २४ फंक्शने झाली, पण डीपक्लोनपाशी, म्हणजे ऑब्जेक्टची आतल्या सर्व थरांसह स्वतंत्र कॉपी करणाऱ्या फंक्शनपाशी, गाडी अडली आहे. आधी मी ऑब्जेक्टची जेसन (डेटा मजकुराच्या रूपात लिहिण्याची पद्धत) स्ट्रिंग करून ती पुन्हा पार्स केली, तेव्हा मूळ ऑब्जेक्टमधली तारीख कॉपीत साधी स्ट्रिंग होऊन आली आणि तिच्यावर गेटफुलइयर चालवताच एरर मिळाली. मग रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणे) वापरले, तर स्वतःचाच संदर्भ बाळगणाऱ्या ऑब्जेक्टवर कॉल स्टॅक (चालू फंक्शन कॉलची नोंद ठेवणारी जागा) भरून गेला. अशीच कॉपी करणारे स्ट्रक्चर्डक्लोन हे फंक्शन आता ब्राउझरमध्ये आणि नोडच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) १७व्या आवृत्तीपासून तयार मिळत असताना यावर आणखी वेळ घालवणे योग्य आहे का?

पहिले उत्तर:
अवश्य घालवा, कारण तुम्ही ज्या दोन ठिकाणी अडखळलात तिथेच ही भाषा खऱ्या अर्थाने कळते. जेसनच्या मार्गाने केवळ तारीखच बिघडते असे नाही; अनडिफाइन्ड किंमत असलेल्या की (ऑब्जेक्टमधील नोंदींची नावे) आणि फंक्शने गळून पडतात, तर मॅपच्या (की आणि किंमत यांच्या जोड्यांच्या संग्रहाच्या) जागी रिकामे ऑब्जेक्ट उरते. रिकर्शनसाठी एक वीकमॅप (ऑब्जेक्टलाच की मानून नोंद ठेवणारा संग्रह) ठेवा आणि त्यात मूळ ऑब्जेक्टसमोर त्याची कॉपी नोंदवा. ही नोंद आतल्या कींच्या लूपमध्ये शिरण्यापूर्वी व्हायला हवी. ती लूपनंतर केली, तर ऑब्जेक्ट स्वतःकडे परत येते तेव्हा नोंद झालेलीच नसते आणि स्टॅक पुन्हा भरतो. ही नोंद असली की दोन की एकाच ऑब्जेक्टकडे निर्देश करत असतील, तर कॉपीतही त्यांचे नाते तसेच टिकते, आणि माझ्या मते हा लाभ अधिक मोलाचा आहे. किमतीचा प्रकार सांगणाऱ्या टाइपऑफला नल ('काहीच नाही' ही किंमत) दिल्यास उत्तर 'ऑब्जेक्ट' असे येते, म्हणून नलची तपासणी सर्वांत आधी करा.

कुठे थांबावे, हे तुम्हीच ठरवायचे आहे. स्ट्रक्चर्डक्लोनसुद्धा फंक्शन दिसताच एरर देते आणि क्लासच्या इन्स्टन्सचा प्रोटोटाइप (ज्याच्याकडून ऑब्जेक्टला सामायिक गुणधर्म मिळतात ते ऑब्जेक्ट) राखत नाही. तुमची मर्यादा रीडमीमध्ये (लायब्ररीसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) स्पष्ट लिहा.

दुसरे उत्तर:
वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्र मला तुमच्या मर्जची, म्हणजे एका ऑब्जेक्टमधल्या की दुसऱ्यात मिसळणाऱ्या फंक्शनची, अधिक काळजी वाटते. पार्स केलेल्या जेसनमध्ये दुहेरी अंडरस्कोअरमधले 'प्रोटो' हे नाव साधी की म्हणून येऊ शकते. रिकर्शनने चालणारे मर्ज त्या नावाने थेट ऑब्जेक्टच्या मूळ प्रोटोटाइपपर्यंत पोहोचते आणि तिथे लिहिलेले प्रोग्रॅममधल्या जवळजवळ प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये दिसू लागते. लोडॅशसारख्या जगभर वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीलाही डिफॉल्ट्सडीप या तिच्या फंक्शनमधील याच प्रकारची त्रुटी २०१९ मध्ये दुरुस्त करावी लागली. 'प्रोटो'बरोबर 'कन्स्ट्रक्टर' आणि 'प्रोटोटाइप' ही नावेही मर्जमध्ये वगळा आणि त्यासाठी स्वतंत्र टेस्ट लिहा. ग्रुपबायसारखे फंक्शन ईएस २०२४ (जावास्क्रिप्टच्या मानकाची २०२४ची आवृत्ती) पासून भाषेतच आहे, तिथे फार रेंगाळू नका.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. माझ्या कोडमध्ये वीकमॅप होताच, परंतु नोंदीची ओळ लूपच्या खाली होती. ती वर नेताच टेस्ट पास झाली. आता कॉपीमधला स्वतःचा संदर्भ मूळ ऑब्जेक्टकडे न जाता कॉपीकडेच जातो, हेही त्याच टेस्टमध्ये तपासतो. मर्जमध्ये मात्र दुसऱ्या उत्तरात सांगितलेला दोष जसाच्या तसा सापडला: एका रिकाम्या, नव्या ऑब्जेक्टवर मी कधीही न ठेवलेली की दिसली, तेव्हा त्याचे गांभीर्य खरोखर ध्यानात आले. ती तीन नावे आता वगळली आहेत. डीपक्लोन साधी ऑब्जेक्ट, अ‍ॅरे, तारीख, मॅप आणि सेट यांपुरते ठेवतो आहे. इतर कोणताही प्रकार आला, तर तो मुकाट्याने बिघडवून कॉपी करण्याऐवजी कीचे नाव सांगणारी एरर देईन.