मदत हवी आहे : बहिणीच्या सोनोग्राफीत बायरॅड्स ३ आलंय, थांबावं की बायोप्सी करावी?

नमस्कार मंडळी, माझी धाकटी बहीण, वय २९, नाशिकला असते. मागच्या महिन्यात आंघोळ करताना तिच्या हाताला छातीत गाठ लागली, दुखत वगैरे काही नाही, पण घाबरून लगेच सोनोग्राफी केली. रिपोर्टमध्ये १८ बाय ११ एमएमची गाठ, कडा गुळगुळीत, आडवी पसरलेली, फायब्रोअ‍ॅडेनोमा (कॅन्सर नसलेली साधी गाठ) वाटतो असं लिहिलंय आणि खाली बायरॅड्स ३ (गाठ किती संशयास्पद आहे ते सांगणारी श्रेणी, ३ म्हणजे बहुधा साधीच). डॉक्टर म्हणाले की यात कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांच्या आतच असते, सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी करू.

आई म्हणते मॅमोग्राफी का नाही केली. ते मला समजलंय, या वयात टिश्यू दाट असतो, मॅमोग्राफीत तो आणि गाठ दोन्ही पांढरंच दिसतं म्हणून आधी सोनोग्राफीच करतात. पण आमच्या सख्ख्या मावशीला पंचेचाळिशीत ब्रेस्ट कॅन्सर झाला होता, आणि हे तपासणीच्या वेळी कुणी विचारलंच नाही, घाईत आम्हीही सांगितलं नाही, याची मला खूप रुखरुख लागलीय.

शिवाय तिला यंदा बाळासाठी प्रयत्न करायचेत. गरोदरपणात हार्मोन्समुळे अशी गाठ वाढू शकते म्हणे, मग तेव्हा वाढली तर उगाच जिवाला घोर, त्यापेक्षा आत्ताच सुईची बायोप्सी करून मोकळं व्हावं का?

कुणी यातून गेलंय का, किंवा कुणी रेडिओलॉजिस्ट असेल तर प्लीज सांगा, मावशीचं कळल्यावर डॉक्टर सल्ला बदलतात का? ती रात्र रात्र झोपत नाहीये हो.