चार कोंबड्या फार वाईट अवस्थेत आणल्या आहेत, आंघोळ घालू का?

परसदारी
नमस्कार मंडळी. काल संध्याकाळी चार कोंबड्या घरी आणल्या. आधीच्या माणसांना सांभाळणं होत नव्हतं. चौघींच्या पाठी उघड्या पडल्यात, शेपटीखाली शीट चिकटून वाळून दगडासारखे गोळे झालेत. एक लंगडते. उचलली की छातीचं हाड बोटाला टोचतं. माझ्या आधीच्या सहा धडधाकट आहेत. या चौघींना आंघोळ घालावी का, आणि कशी? खर्च फारसा झेपणार नाही, घरात आहे त्यातच भागवायचंय.

खुराडेवाला
आंघोळीचं नंतर बघा, आधी मोठा जाळीचा पिंजरा, ऊब देणारा दिवा आणि आपोआप भरणारं पाण्याचं भांडं घ्या. मी तिन्ही घेतलं, आज माझ्याकडे चाळीस पक्षी आहेत आणि एकही आजारी नाही. एकदाच खर्च होतो, मग बघावं लागत नाही.

दोन_अंडी
ताई, पहिल्या दिवशी आंघोळ नका घालू, कळकळीने सांगते. मी अशीच एक आणली होती. घाण बघवेना म्हणून संध्याकाळी साबण लावून पूर्ण धुतली, टॉवेलने पुसली. वरून हात लावला तर कोरडी लागली, म्हणून खुराड्यात ठेवली. सकाळी कोपऱ्यात मरून पडली होती. पंखाखाली हात घातला तर आतली मऊ पिसं तशीच चिंब. अजून ते आठवलं की झोप लागत नाही.

पशुसखी
दोन_अंडी यांचं बरोबर आहे. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१-४२ अंश असतं. आधीच अशक्त असलेला पक्षी ओला राहिला तर ते टिकवण्यातच त्याची ताकद संपते. दोन-तीन दिवस पाणी, दाणे आणि शांतता द्या. मग फक्त मागची बाजू धुवा, तीही सकाळी, दिवसभर वाळायला वेळ मिळेल अशी.

टबात कोमट पाणी घ्या, आपल्या कोपराला गरम लागणार नाही इतपत. कोंबडीला बसवून पाणी शेपटीपर्यंतच येऊ द्या. गोळे ओढू नका, कातडी सोलून निघते. दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या, आपोआप सुटतात. न सुटलेले पिसासकट कात्रीने कापा. आणि धरताना छाती आवळू नका. कोंबडीला आपल्यासारखा छाती-पोटामधला पडदा (श्वासपटल) नसतो, छातीची हालचाल थांबली की ती गुदमरते.

गोळ्याखाली कातडी लाल, ओली किंवा अळ्या दिसल्या तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा.

राखेचा_ढीग
आंघोळ घालूच नये. कोंबडी स्वतः मातीत लोळते, तीच तिची आंघोळ. चुलीतली राख आणि कोरडी माती टोपलीत ठेवा, फुकट आहे.

खुराडेवाला
राखेने डोळे चुरचुरतात. वाळू बरी. आणि दिव्याचं लक्षात ठेवा.

राखेचा_ढीग
वीस वर्षं राखच वापरतोय, एकाही कोंबडीचा डोळा गेला नाही. राख चाळून, पूर्ण थंड करून घ्यायची, इतकंच.

पशुसखी
दोन्ही चालतात, कोरडं असलं म्हणजे झालं. पण वाळलेली शीट मातीत लोळून सुटत नाही, ती धुवावीच लागते. मुख्य मुद्दा राहिला: या चौघी जुन्या सहांपासून किमान ३० दिवस वेगळ्या ठेवा. आधी जुन्यांना दाणे घाला, मग नव्यांकडे जा, उलटं नको. नव्यांकडे जाताना घालायची चप्पलही वेगळी.

चौथा_कोंबडा
उवांसाठी पंखाखाली रॉकेल चोळायचं. आमच्याकडे पूर्वी तेच करायचे.

दोन_अंडी
नका हो. कातडी भाजते, वास छातीत जातो. अशक्त जीव आहेत ते.

परसदारी
सगळ्यांचे आभार. आज चौथ्या दिवशी सकाळी तिघींना धुतलं, भिजवल्यावर गोळे खरंच सुटले. पण शेपटीखाली पिसांच्या बुडाशी पांढरट गुच्छ दिसले, बोटाने निघत नाहीत. लंगडीच्या पायावरचे खवले वर उचलले गेलेत, खडबडीत झालेत.

पशुसखी
ते गुच्छ म्हणजे उवांची अंडी. पशुवैद्याकडून पक्ष्यांसाठीची पावडर घ्या, आणि ती लावल्यावर या कोंबड्यांची अंडी खायची की नाही हेही विचारा. उवांच्या अंड्यांवर औषध चालत नाही, म्हणून ७ ते १० दिवसांनी पुन्हा लावायची, नाहीतर नवी पिल्लावळ तयार. उचललेल्या खवल्यांत बारीक किडे असतात. पाय कोमट पाण्यात भिजवून हलके पुसा आणि रोज व्हॅसलीन चोळा, किड्यांची हवा बंद होते. खवले उपटू नका, रक्त येतं. तळव्यावर काळी खपली आहे का तेही बघा.

खुराडेवाला
आणि खाण्याचं. पिसं प्रथिनांचीच बनतात, नुसत्या धान्यावर पाठ भरणार नाही. मी खास गोळीखाद्य आणतो.

दोन_अंडी
उकडलेलं अंडं कुस्करून दिलं तरी चालतं, पण थोडंथोडं. उपाशी पक्ष्याला एकदम भरपूर देऊ नका. आणि लंगडीला एकटीला ठेवा, बाकीच्या टोचतात.

पशुसखी
हो, लंगडी एकटीच.

राखेचा_ढीग
एकटीच ठेवा, यात वाद नाही.

परसदारी
सगळ्यांनी सांगितलं म्हणून काल तिला वेगळ्या खोक्यात ठेवलं. दिवसभर तोंडात दाणा घेतला नाही, फक्त जाळीकडे मान करून बसली. चौघींत एक तपकिरी आहे, ती आल्यापासून हिच्याजवळच झोपते. संध्याकाळी त्या एकीलाच खोक्यात सोडलं. दोन मिनिटांत लंगडीने चोच खाली घातली. टोचत नाही, मी तासभर शेजारी बसून पाहिलं. त्यामुळे तुमचं सर्वांचं ऐकून घेऊनही त्या दोघी एकत्रच राहतील. दिवा घेत नाही, रात्री खोक्यावर पोतं टाकते. उद्या पावडर आणायला जाते आहे.