जुन्या गाडीचं वायरिंग आणि डेक : दोष सापडला कसा ते लिहा

घरात पंधरा-वीस वर्षं जुनी गाडी असलेले इथे बरेच आहेत म्हणून धागा काढतेय. इंजिनवर सगळे भरभरून बोलतात, पण या वयाच्या गाडीत खरा जीव खातं ते वायरिंग. काय बदललं ते नको, नेमका दोष कसा शोधलात ते सांगा.

माझ्यापासून सुरू करते. गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की सेल्फ घ्यायचीच नाही, चार्ज केली की बॅटरी परत १२.६ व्होल्ट दाखवणार, म्हणजे बॅटरी बहुधा चांगली आणि रात्रीतून कोणीतरी करंट खातंय. मायनस टर्मिनल काढून ते आणि बॅटरी यांच्या मध्ये मल्टीमीटर १० अँपिअरच्या रेंजवर जोडला, दारं बंद, किल्ली बाहेर. ५० मिलीअँपिअरच्या आत हवं ते ३०० च्या वर! मग एकेक फ्यूज काढत गेले, डेकचा (म्हणजे गाडीतल्या म्युझिक सिस्टीमचा) काढला आणि आकडा धाडकन खाली आला. डेक बसवणाऱ्याने पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून थेट बॅटरीच्या लाइनवर टाकलेली. पिवळी कायम चालू लागते, मेमरीसाठी, लाल मात्र किल्लीवरूनच यायला हवी. लाल वेगळी केली, विषय संपला. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका हां, मीटरचा फ्यूज उडेल.

*

आमच्याकडे बरोब्बर उलटं, किल्ली काढली की घड्याळ आणि लावलेली स्टेशनं गायब. पिवळी किल्लीच्या लाइनवर गेलेली. काही युरोपियन गाड्यांच्या कपलरमध्ये (डेकमागच्या वायरींच्या जोडणीत) या दोन पिनांच्या जागाच उलट असतात, तेव्हा रंगावर जाऊ नका, टेस्ट लॅम्प (वायरीत करंट आहे का ते दाखवणारा छोटा दिवा) लावून बघा.

*

रत्नागिरीहून लिहितोय, इथल्या हवेत खराब अर्थिंग (गाडीच्या पत्र्याला जोडलेली मायनस) हाच मोठा शत्रू. ब्रेक दाबला की पार्किंग लाइट मंद पेटायचे, इंडिकेटर दिला की मागचं सगळंच लुकलुकायचं, बल्ब बदलले, होल्डर बदलला, फरक शून्य. शेवटी ब्रेक दाबून धरायला मुलाला बसवलं, मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं टेललॅम्पच्या अर्थला लावलं. जवळपास शून्य यायला हवं, आले दोन व्होल्ट. डिकीतल्या बोल्टखाली गंज साचलेला. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. फुकटात काम झालं आणि दोन पावसाळे गेले तरी ठीक आहे.

*

डाव्या दाराचा स्पीकर दार उघडलं की वाजायचा, बंद केलं की गप्प. दुकानदार नवीन जोडी गळ्यात मारायच्या तयारीत होता. मी स्पीकरच्या वायरी सोडवून पेन्सिल सेल टेकवला, खर्रर्र आवाज आला, म्हणजे स्पीकर शाबूत! दार आणि खांबामधला रबरी पाइप मागे सरकवला तर आत वायर तुटलेली, वरचं प्लास्टिक तेवढं शाबूत. सोल्डर मारून स्लीव्ह चढवली. आणि स्पीकरची मायनस बॉडीला कधीच जोडू नका, आजकालच्या डेकचा अँप्लिफायर त्याने जळतो.

*

हे कळकळीने लिहितेय. मामांच्या गाडीत फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणीतरी १५ अँपिअरचा निळा काढून ३० चा हिरवा बसवला होता. फ्यूज उडायचा थांबला आणि वायर तापून आतलं इन्सुलेशन वितळलं, नशीब वास वेळेत आला. त्याच गाडीत हेडलाइटला ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० चे बल्ब, तेही रिले (मोठा करंट स्विचऐवजी स्वतःवर घेणारा) न लावता, सगळा करंट स्विचमधून! प्लीज, फ्यूज उडाला तर जादा करंट कोण खातंय ते आधी शोधा.

*

इंजिन रेझ केलं की स्पीकरमधून बारीक शिट्टी येते आणि स्पीडबरोबर चढत जाते, कुणाला अनुभव? वेगळा अँप्लिफायर आहे.

*

अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा) आवाज आहे तो. अँपला जाणाऱ्या आरसीए वायरी (डेकमधून आवाजाचा सिग्नल नेणाऱ्या) काढून बघा. शिट्टी थांबली तर ती डेककडून किंवा वायरीतून येतेय, मग डेकची अर्थ बघा आणि आरसीए पॉवरच्या केबलपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या. तरीही येत राहिली तर अँपची अर्थ रंग खरवडून पत्र्यावर घ्या, केबल आखूड ठेवा. काय निघतंय ते इथेच कळवा.