हलवलेली मधमाशी 'निराश' होते म्हणजे नक्की काय मोजतात?

मोहोळ:
मधमाश्यांची पेटी हलली की सातेरी (पेटीत पाळतात ती देशी मधमाशी) चवताळतात, त्याला आपण राग म्हणतो. पण कीटकांना भावनेसारख्या अवस्था असतात हे प्रयोगात कसं तपासतात? आणि ते घरी करता येईल का?

स्पृशा:
चवताळणं पुरावा म्हणून धरू नका. डंखाजवळून आयसोपेंटाइल अ‍ॅसिटेट सुटतं (पिकल्या केळ्याचा वास) आणि बाकीच्या माश्या धावून येतात. त्याला भावना लागत नाही.

२०११ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठात वेगळा मार्ग काढला. माशी नळीत अडकवायची, डोकं बाहेर. दोन वासांची मिश्रणं, ९:१ आणि १:९. एकासोबत साखरपाणी, दुसऱ्यासोबत कडू क्विनाइन. ती शिकली की गोड वासाला सोंड काढते, कडूला आवरते. मग निम्म्या माश्या ६० सेकंद यंत्रावर गदगदा हलवल्या आणि मधली मिश्रणं हुंगायला दिली. हललेल्या माश्यांनी कडू वासाला आणि त्याच्या सर्वांत जवळच्या मिश्रणाला सोंड आणखी कमी काढली. शंका आली की वाईटच धरायचं, असा कल. शरीरद्रवातलं डोपामिन, सेरोटोनिन (मज्जासंस्थेतली निरोप पोचवणारी रसायनं) हेही उतरलं होतं.

तिरकस:
सोंड काढली नाही याचा अर्थ भूक मेली असाही होतो, ही पळवाट त्या मांडणीत राहतेच. २०१६ चा भुंगमाश्यांचा (बंबलबी) प्रयोग मला जास्त पटतो. निळ्या-हिरव्यापैकी एका रंगाशी साखर, दुसऱ्याशी साधं पाणी असं आधी शिकवलं. ६० टक्के साखरेचा एक थेंब अवचित मिळालेल्या माश्या निळ्या-हिरव्याच्या मधल्या रंगाकडे लवकर गेल्या. डोपामिन रोखणारं औषध दिल्यावर हा फरक गेला. तरी 'भावनेसारखी अवस्था' एवढंच म्हणावं. माशीला आतून काय जाणवतं, ते यातून कळत नाही.

स्पृशा:
पळवाट मान्य. घरी करायचं तर भूकच आधी सांभाळा. पोट भरलेली माशी सोंड काढत नाही, फार उपाशी असली तर कशालाही काढते. बर्फावर बधिर करून नळीत बसवा, सावरू द्या, मग मिशीला साखरपाणी लावून बघा. सोंड न काढणारी बाजूला. वास ओढून घेणारा पंखा हवाच, नाहीतर आधीचा वास रेंगाळतो आणि मधलं मिश्रण मधलं राहत नाही. चाचणीत साखर देत नाहीत, त्यामुळे तोच वास वारंवार दिला तर प्रतिसाद आपोआप विझतो. प्रत्येक मिश्रण एकदाच द्या, क्रम बदलत. आणि ज्याने माश्या हलवल्या, त्याने नोंदी घेऊ नयेत.