समाजशास्त्राच्या एम.ए.ला संख्याशास्त्र सक्तीचं आणि अभिजात सिद्धान्त ऐच्छिक करावा का?

कोष्टकराव (धागालेखक)

समाजशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाचं पहिलं वर्ष कशात जातं? मार्क्स, दुर्खीम, वेबर या अभिजात विचारवंतांत. पुढच्या सेमिस्टरला पुन्हा तेच तिघे, जोडीला अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पार्सन्स आणि मर्टन. दोन वर्षांनी विद्यार्थी 'सामाजिक तथ्य' (व्यक्तीवर बाहेरून दाब टाकणाऱ्या समाजाच्या रीती) या विषयावर चार पानं न थांबता लिहितो. समोर साधं कोष्टक ठेवलं तर त्यातले टक्के आडवे काढलेत की उभे, हे मात्र त्याला सांगता येत नाही. आणि हाच पुढे पीएच.डी.ला बसतो.

माझं म्हणणं असं: नमुना निवड, मोजमाप आणि रिग्रेशनपर्यंतचं (एका घटकाबरोबर दुसरा किती बदलतो ते काढण्याची पद्धत) संख्याशास्त्र सगळ्यांना सक्तीचं करा, आणि अभिजात सिद्धान्त ज्याला हवा तो घेईल. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी न्यूटन मुळातून वाचत बसत नाही, म्हणून त्याचं काही अडत नाही.

गंमत म्हणजे ज्यांच्या व्याख्या आपण पाठ करतो, ती माणसं आकड्यांत कोपरापर्यंत बुडालेली होती. दुर्खीमच्या १८९७च्या आत्महत्येवरच्या ग्रंथासाठी त्याचा भाचा मार्सेल मॉस याने सुमारे २६,००० प्रकरणांच्या नोंदी वय, लिंग, वैवाहिक स्थिती, मुलंबाळं अशा लावून दिल्या. वेबरने १८९२ मध्ये एल्ब नदीच्या पूर्वेकडच्या शेतमजुरांवर जाडजूड अहवाल लिहिला, तोही प्रश्नावल्यांवर बेतलेला. त्यांचा वारसा चालवायचा तर त्यांनी केलं तसलं काम करा.

उंबरठा

साफ असहमत.

न्यूटनची उपमा इथे चालत नाही. बल म्हणजे काय यावर भौतिकशास्त्रात आज कुणी भांडत नाही. वर्ग म्हणजे काय यावर आपल्याकडे अजून भांडण चालू आहे, आणि त्या भांडणावर तुमचे आकडे ठरतात. एकच सर्वेक्षण घ्या. समाजशास्त्रज्ञ गोल्डथॉर्पच्या पद्धतीने वर्ग पाडायचे तर नोकरीचा करार कसला आहे हे बघावं लागतं: महिन्याचा पगार आणि बढतीची वाट, की तासावर मजुरी. एरिक ऑलिन राइटच्या पद्धतीने पाडायचे तर मालकी कुणाची, हुकूम कोण सोडतो आणि दुर्मीळ कौशल्य कुणाकडे आहे ते विचारावं लागतं. कारखान्यातला मुकादम एकीकडे एका खान्यात पडतो, दुसरीकडे दुसऱ्याच. कामगार वर्ग किती टक्के, या प्रश्नाचं उत्तर बदलतं, आणि सॉफ्टवेअर दोन्ही उत्तरं तितक्याच निमूटपणे छापून देतं. यातला कुठला खाना का निवडला, हे मार्क्स आणि वेबर वाचल्याशिवाय कसं सांगणार?

आणि वेबरचं नाव घेतलंत म्हणून सांगते. त्या प्रश्नावल्या शेतमजुरांकडे गेल्याच नव्हत्या, जमीनमालकांना पाठवल्या होत्या. मजूर कसे राहतात हे मालकांनी सांगितलं. असा प्रश्न विचारायची सवय कुठल्या पेपरात लागते, तेवढं सांगा.

कोष्टकराव

@उंबरठा, ती सवय संशोधन पद्धतीच्या पेपरात लागते. उत्तर कुणाकडून घेतलं हा नमुना निवडीतला अगदी पहिला धडा आहे! तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

गोल्डथॉर्प विरुद्ध राइट जरूर शिकवा, पण मोजमापाच्या तासाला, विदा (डेटा) समोर ठेवून. 'वेबरच्या योगदानाची चर्चा करा' या प्रश्नातून ते कुणी शिकलेलं मी पाहिलेलं नाही.

फिरस्ती

दोघेही अशा थाटात बोलताय की समाजशास्त्र म्हणजे एक तर ग्रंथालय, नाही तर संगणक. मधे माणसं असतात म्हणे.

समाजशास्त्रज्ञ गॉफमन १९४९ ते १९५१ या काळात स्कॉटलंडमधल्या शेटलंडच्या एका बेटावर जाऊन राहिला. त्या गावाचा अभ्यास करायला गेलेला माणूस प्रबंध घेऊन आला तो लोक समोरासमोर कसे बोलतात यावर (१९५३). आधी प्रश्नावली छापून नेली असती तर हा विषय हाती लागलाच नसता, कारण तो विषय आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

पण आमच्या गुणात्मकवाल्यांचीही (आकड्यांऐवजी मुलाखती आणि निरीक्षणावर काम करणाऱ्यांची) खरडपट्टी काढायला हवी. निम्मे जण या वाटेला येतात ते गणिताच्या धास्तीने. पंधरा मुलाखती, त्यांचं कोडिंग (उत्तरांचे विषयवार गट पाडणं), आणि शेवटी 'सॅच्युरेशन झालं' असं एक वाक्य. ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा त्यांना अपेक्षित होतं की नव्या माहितीतून हाती आलेल्या संकल्पनेला नवा पैलू मिळेनासा झाला की थांबायचं. प्रत्यक्षात सॅच्युरेशन प्रबंध जमा करायच्या तारखेच्या आसपास होतं. (हलके घ्या. किंवा घेऊ नका.)

पोटार्थी

या धाग्यावर नोकरीबद्दल कुणीच बोलत नाहीये. रिग्रेशन येणाऱ्याला काम मिळतं. दुर्खीम येणाऱ्याला दुर्खीम शिकवायचं काम मिळतं, जागा निघालीच तर.

उंबरठा

@पोटार्थी, नोकरीसाठीच संख्याशास्त्र शिकायचं असेल तर सरळ संख्याशास्त्राचीच पदवी घ्यावी. आमचा पदवीधर त्यांच्यापुढे दुय्यमच ठरणार.

मागच्या_बाकावरून

पदव्युत्तर वर्गांना शिकवतो, म्हणून थोडं सविस्तर.

मार्क्स, दुर्खीम, वेबर ही त्रिमूर्ती आभाळातून पडलेली नाही. पार्सन्सने १९३७ मध्ये सिद्धान्ताची पायाभरणी केली तेव्हा त्याने निवडले मार्शल, पारेटो, दुर्खीम आणि वेबर. मार्क्सला त्या रांगेत जागा नव्हती. आज आपण ज्या तिघांना एका दमात म्हणतो, ते तसे एकत्र रूढ झाले त्यात गिडन्सच्या १९७१च्या पुस्तकाचा वाटा मोठा. म्हणजे 'अभिजात' म्हणून जे सक्तीचं करा किंवा काढून टाका म्हणताय, ती यादीच जेमतेम पन्नास-साठ वर्षं जुनी आहे.

यादीतून कोण गळलं तेही बघा. कृष्णवर्णीय अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डू बॉइसने १८९६-९७ मध्ये फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात घरोघर जाऊन माहिती गोळा केली, वस्तीचा नकाशा काढला, प्रत्येक घर आर्थिक परिस्थितीनुसार रंगवलं, शहराचा मागचा इतिहास तपासला आणि १८९९ मध्ये ग्रंथ छापला. त्याने मोजणी केली, दारोदार फिरला, सिद्धान्तही मांडला. कृष्णवर्णीयांच्या दारिद्र्याचं कारण त्यांच्या वंशात आहे असं मानणाऱ्या काळात त्याने ते वर्णभेद, रोजगार आणि घरभाडं यांत दाखवून दिलं. तरी कित्येक दशकं समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमांत त्याला धड तळटीपही मिळाली नाही. तुम्ही दोघांनी ज्या दोन बाजू केल्या आहेत, त्यांतल्या कुठल्या बाजूला त्याला बसवणार?

कोष्टकराव

डू बॉइस माझ्या बाजूला. आनंदाने.

पण माझा खरा आक्षेप अजून कुणी खोडलेला नाही, म्हणून एक उदाहरण देतो. दुर्खीम सांगतो की प्रोटेस्टंट वस्तीच्या प्रदेशांत आत्महत्येचं प्रमाण जास्त. आमचे विद्यार्थी उत्तरात लिहितात, 'प्रोटेस्टंट माणूस आत्महत्या जास्त करतो.' प्रदेशाच्या आकड्यावरून माणसाबद्दल बोलता येतं का? रॉबिन्सनने १९५० मध्ये याचा निकाल लावला. अमेरिकेच्या १९३०च्या जनगणनेत ४८ राज्यं घेतली. ज्या राज्यात परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी: सहसंबंध (दोन गोष्टी एकत्र किती बदलतात याचं उणे १ ते अधिक १ असं माप) उणे ०.५३. मग परदेशी जास्त साक्षर का? माणसागणिक बघितलं तर सहसंबंध अधिक ०.१२, म्हणजे चिन्हच उलटं! कारण साधं: बाहेरून आलेले लोक अशा राज्यांत स्थायिक झाले जिथले मूळ रहिवासी आधीच जास्त साक्षर होते.

हे न शिकता दुर्खीम वाचणं म्हणजे पोथी वाचणं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसाला हे ठाऊक नव्हतं तर समजू शकतो. आजच्या एम.ए.च्या विद्यार्थ्याला ठाऊक नसेल तर ती पदवी कसली?

उंबरठा

आता खऱ्या वादाशी आलो.

रॉबिन्सन शिकवायलाच हवा, त्यावर भांडण नाही. पण तुम्ही दुर्खीमवर ठेवलेला आरोप तो ग्रंथ अर्धवट वाचल्यावरच ठेवता येतो. एखादी व्यक्ती जीव का देते, हा त्याचा प्रश्नच नव्हता. एका समाजात हे प्रमाण वर्षानुवर्षं जवळपास तेवढंच का राहतं आणि शेजारच्या समाजात वेगळं का असतं, हा त्याचा प्रश्न. त्याच्या लेखी प्रमाण हे समूहाचं लक्षण आहे. १८९५च्या पद्धतीवरच्या पुस्तकात त्याने आधीच बजावलंय की सामाजिक तथ्याचं कारण दुसऱ्या सामाजिक तथ्यातच शोधा. म्हणजे प्रदेशाच्या आकड्यावरून तो प्रदेशाबद्दलच बोलत असेल, तर रॉबिन्सनचा बाण त्याला लागतो का? की तोल गेल्यावर अधूनमधून माणसाबद्दल बोलतो, तेवढ्या ठिकाणीच लागतो? मला वाटतं दुसरं. पण हे ठरवायला दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून आठवडेच्या आठवडे बसावं लागतं.

तुमचा विद्यार्थी 'प्रोटेस्टंट माणूस आत्महत्या जास्त करतो' असं लिहितो, कारण त्याने दुर्खीम वाचलेलाच नाही, नोट्स वाचल्यात. आणि उपाय म्हणून तुम्ही वाचनच ऐच्छिक करताय.

अवांतर: त्या ग्रंथासाठी लागलेल्या नोंदी मिळवून द्यायला मदत करणारा गाब्रिएल तार्द न्यायखात्याच्या सांख्यिकी कार्यालयाचा प्रमुख होता. दुर्खीमने त्याचे आभार मानले आणि त्याच ग्रंथात त्याच्या अनुकरणाच्या सिद्धान्ताचे वाभाडे काढले. विदा देताना जरा विचार करावा.

फिरस्ती

तार्दबद्दल +१ :)

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मिल्सने १९५९ मध्ये दोन्ही गटांना, सिद्धान्तवाल्यांना आणि आकडेवाल्यांना, झोडपून ठेवलंय. पार्सन्सचा हवेतला सिद्धान्त एका बाजूला, लाझार्सफेल्डच्या वळणाची प्रश्नावलीगिरी दुसऱ्या बाजूला. पण लाझार्सफेल्डवर मला तो थोडा अन्याय वाटतो. ऑस्ट्रियात मारिएन्थालचा कापड कारखाना बंद पडल्यावर मारी याहोदा, लाझार्सफेल्ड आणि झाइझेल यांनी केलेला अभ्यास (१९३३) बघा. लोकांच्या दिवसभराच्या नोंदी घेतल्या. रस्त्यावरून माणसं किती वेगाने चालतात, किती वेळा थांबतात, ते घड्याळ लावून मोजलं. हातात वेळच वेळ आणि वाचनालयाची वर्गणीही माफ, तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं. बेकारीने माणूस बंड करून उठेल अशी अनेकांची अटकळ होती. दिसलं ते उलट, माणसं मिटत गेली. यात रिग्रेशन नाही. काय मोजायचं हे ज्याला सुचलं त्याची कमाल आहे.

कोष्टकराव

मारिएन्थाल मलाही प्रिय. पण 'काय मोजायचं ते सुचणं' याचा अभ्यासक्रम कसा लिहिणार? मी शिकवता येण्याजोग्या गोष्टींबद्दल बोलतोय. दोन वर्षांत पेपर मोजके. संख्याशास्त्र आत घ्यायचं तर बाहेर काय जाणार, ते कुणीतरी सांगा. 'दोन्ही हवं' हे उत्तर धरलं जाणार नाही.

मागच्या_बाकावरून

सांगतो. 'विचारवंतांचा परिचय' थाटाचा पेपर पूर्ण काढा. त्या जागी तीन ग्रंथ अथपासून इतिपर्यंत. मी असलो तर त्यात एक डू बॉइस, एक दुर्खीम, आणि तिसऱ्यावर विभागात भांडण होऊ दे. मोकळ्या झालेल्या जागी संख्याशास्त्र, सक्तीचं. परीक्षेत कोष्टक आणि उतारा दोन्ही द्या, पाठांतरावर गुण नकोत.

उंबरठा

तीन ग्रंथ पूर्ण वाचून घेणार असाल तर मी भांडायचं थांबवते. पण अशा योजनेत पहिल्याच वर्षी 'वेळ पुरत नाही' म्हणून तिसऱ्या ग्रंथाची दोन प्रकरणं उरतात आणि संख्याशास्त्राचा तास मात्र शाबूत राहतो, हा अनुभव आहे.

नवीन_सभासद

सगळं वाचलं, निम्मं कळलं. पुढच्या सेमिस्टरला एकच ऐच्छिक विषय घेता येणार आहे: 'प्रगत संख्याशास्त्र' किंवा 'अभिजात ग्रंथांचं वाचन'. प्रबंधाचा विषय अजून ठरलेला नाही. काय घेऊ?

कोष्टकराव

संख्याशास्त्र. पुस्तक घरी बसून वाचता येतं. चुकीचं मॉडेल बसवलंय हे शेजारी कुणी असल्याशिवाय कळत नाही, कारण उत्तर तर येतंच.

उंबरठा

नेमकं उलट. मॉडेल बसवायला शिकवणारे शेकडो व्हिडिओ आहेत. वेबरच्या एका परिच्छेदावर दीड तास तुमच्याशी वाद घालणारा माणूस वर्गाबाहेर कुठे मिळणार आहे? वाचन घ्या.